पुणेरी, पुणेकर, नागपुरी, नागपूरकर

प्रश्न असा आहे: ‘पुणेकर’ म्हटलं की नुसतं गाव कळतं, ‘पुणेरी’ म्हटलं की स्वभाव कळतो. मग ‘नागपूरकर’ आणि ‘नागपुरी’ या जोडीत तसं का होत नाही? नागपूरच्या माणसांबद्दलही लोकांच्या समजुती काही कमी ठाम नाहीत.

‘-कर’ हा प्रत्यय माणसाला लागतो. तो राहणारा कुठला, किंवा त्याचं घराणं मूळचं कुठलं, एवढंच त्यातून कळतं. म्हणून पुणेकर आणि नागपूरकर ही दोन्ही आडनावंही आहेत. ‘-ई’ लावून झालेलं विशेषण मात्र मुख्यतः वस्तूंचं: सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल, नागपुरी संत्री. गावातून बाहेर विकायला निघालेल्या मालावर ते शिक्क्यासारखं बसतं. ‘पुणेरी’चं रूप जरा वेगळं आहे. ठाण्यावरून ‘ठाणेरी’ कुणी म्हणत नाही. पण काम तेच होतं: पुणेरी पगडी, पुणेरी जोडा. यात टोमणा कुठेही नाही. पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच साध्या अर्थाने, आणि नागपूरच्या संत्र्याला 2014 साली मिळालं तेही.

मग ‘पुणेरी’ला स्वभाव कधी चिकटला? माझ्या मते हा बदल पाटीमुळे झाला. पाटी ही वस्तूच, त्यामुळे ‘पुणेरी पाटी’ हा प्रयोग जुन्या वळणातच बसतो. पण पगडी कुणाशी बोलत नाही, पाटी बोलते. ‘येथे वाहन लावू नये’ एवढ्यावर न थांबता, लावल्यास काय होईल हेही ती सांगते, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा चेहरा दिसतो. तिथून ‘पुणेरी उत्तर’, ‘पुणेरी पाहुणचार’ इथपर्यंत जायला वेळ लागत नाही. आता तर हे विशेषण पुण्यापासून सुटंही झालं आहे. जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसालाही ‘काय पुणेरी बोलतोस!’ असं म्हणता येतं. त्याच जागी ‘पुणेकर’ घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.

‘नागपुरी’च्या वाट्याला अशी बोलकी वस्तू आली नाही. संत्री आली, नागपुरी म्हैस आली. शिवाय झारखंडात ‘नागपुरी’ नावाची स्वतंत्र भाषा आहे, तिलाच सादरी असंही म्हणतात. ते नाव छोटा नागपूरच्या पठाराचं, त्याचा आपल्या नागपूरशी संबंध नाही. नागपूरकराबद्दलची समजूत विशेषणात न साठता त्याच्या क्रियापदांत साठली. नाटकात किंवा विनोदी कार्यक्रमात पात्र नागपूरचं आहे हे सांगायचं तर त्याच्या तोंडी ‘काय करून राहिला बे?’ हे वाक्य घातलं की काम झालं. पुढचं प्रेक्षकच भरून घेतात: मोकळाढाकळा, तिखट खाणारा, घाई नसलेला, बोलायला रांगडा.

यातल्या ‘रांगडा’ला माझा ठाम आक्षेप आहे. ‘करून राहिला’मध्ये ‘रहा है’ ऐकू येतं हे खरं. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, आणि 1956 पर्यंत हिंदी व मराठी मुलूख एकाच राज्यात नांदत होते. इतक्या वर्षांच्या शेजारात क्रियापदं एकमेकांकडे जाणारच. मित्रामित्रांतल्या ‘बे’मध्ये तर जवळीक असते. आणि ‘येजो’, ‘सांगजो’ ही रूपं ऐका. ‘ये’ म्हणजे आत्ता ये, ‘येजो’ म्हणजे पुढे सवडीने ये. ही आज्ञा मऊ आहे, ऐकणाऱ्याला वेळ देणारी. गुजरातीत निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात, त्याच्या जवळचं हे रूप. प्रमाण मराठीत हा भेद करायला एका शब्दाचं क्रियापद उरलेलं नाही. ज्या बोलीत ही सोय आहे तिला रांगडी कसं म्हणायचं?

मग नागपूरकरांच्या स्वभावाला शब्द कोणता वापरायचा? लोक सर्रास ‘वऱ्हाडी’ म्हणतात, पण वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ. नागपूर त्यात येत नाही, आणि दोन्हीकडच्या माणसांना ही सरमिसळ खटकते. ‘वैदर्भी’ म्हणावं, तर तो शब्द ‘रांगडा’च्या उलट टोकाचा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी रीती म्हणजे गोड, सुकुमार, चटकन अर्थ कळणारी शैली. दंडी या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात वैदर्भ (विदर्भाचा) आणि गौड (बंगालकडचा) असे काव्यरचनेचे दोन मार्ग समोरासमोर ठेवले आणि प्रसाद (अर्थाचा सहजपणा), माधुर्य वगैरे दहा गुण हे वैदर्भ मार्गाचे प्राण म्हटले. म्हणजे दोन प्रदेशांच्या बोलण्याची तुलना करून एकाला झुकतं माप देणं हे बाराशे वर्षांहून जुनं आहे, आणि तेव्हा ते माप विदर्भाकडे झुकलेलं होतं!

आक्षेपही तितकेच जुने. हे वैदर्भ, ते गौड असं वेगळं काढणं म्हणजे एकामागे एक मेंढरांसारखं चालणं, या अर्थाचं भामह या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने सुनावलं आहे. वामन या आणखी एका काव्यशास्त्रकाराने वैदर्भी रीतीला श्रेष्ठ मानलं, पण नावाचं कारण फार नेमकं दिलं: त्या त्या देशातल्या कवींत ती रीती दिसली म्हणून तिला ते नाव पडलं, देशामुळे काव्यात काही भर पडते असं नाही. ‘पुणेरी’ची सगळी चर्चा मला याच वाक्यापाशी आणून सोडते. खवचट नेमकेपणा पुण्याच्या पाट्यांत ठळक दिसला म्हणून त्याला पुण्याचं नाव मिळालं. तो गुण साताऱ्यातही सापडतो, नागपुरातही.

वापराबद्दल सांगायचं तर माणसाला ‘पुणेकर’ म्हणावं, त्याच्या एखाद्या वाक्याला हवं तर ‘पुणेरी’. ‘नागपुरी’ संत्र्याला आणि बोलीला शोभतं, माणसाला ‘नागपूरकर’च बरं. लिहिताना ‘नागपूर’ आणि ‘नागपूरकर’ यांत पू दीर्घ. ‘नागपुरी’, ‘नागपुरात’, ‘नागपुराहून’ यांत मात्र तो ह्रस्व होतो, कारण पुढे स्वर जोडला गेल्यावर मूळ शब्दातला उपान्त्य दीर्घ ऊकार मराठीत ह्रस्व लिहितात.