एसएलआर, एके आणि मोरीजवळचा ओला मुरूम

भाऊ, तुमचा प्रश्न असा की व्हिएतनामच्या जंगलातली लढाई वाचून झाली, आता आपल्या गडचिरोलीत पोलीस आणि नक्षली यांच्याकडे हत्यारं कोणती होती, डावपेच काय होते, आणि सरकारकडे सगळं असून ४० वर्षं का लागली. मी ना पोलीस ना पत्रकार. एसटीत ड्रायव्हर होतो, बरीच वर्षं एटापल्ली-भामरागडकडच्या गाड्या चालवल्या. भाचा सी-६० मध्ये, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी कमांडो पथकात आहे. म्हणून काही पाहिलेलं, काही ऐकलेलं सांगतो. आणि गनिमी कावा म्हणून कोणी महाराजांना यात ओढू नका, तो वेगळा विषय आहे.

आधी हत्यारं, कारण सगळ्यांना तेच पाहिजे असतं. दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या हत्यारबंद तुकडीत, खांद्यावरची बंदूक पाहून माणसाचा दर्जा कळायचा. कमांडरकडे एके-४७, त्याच्या खालच्यांकडे एसएलआर नाहीतर इन्सास या पोलिसांकडच्या रायफली, मग जुनी थ्री नॉट थ्री रायफल, आणि गावातल्या मिलिशियाकडे, म्हणजे गावातच राहणाऱ्या साथीदारांकडे भरमार, म्हणजे नळीत दारू ठासायची शिकारीची बंदूक. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या चकमकीत नक्षल्यांचा बडा नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. तिथे जप्त झालेल्या मालात एके आणि एसएलआरच्या जोडीला साध्या सिंगल बॅरल बंदुकाही होत्या. यातल्या एसएलआर-इन्सास बहुतेक पोलिसांच्याच, लुटलेल्या. म्हणजे दोन्हीकडून एकाच कारखान्याच्या बंदुका एकमेकांवर चालत होत्या.

एसएलआर लांब मारते, गोळी ७.६२ ची, जोरकस. पण मॅगझिन २० चं, वजन चार किलोच्या वर, आणि बंदूक मीटरभरापेक्षा लांब. बांबूच्या रांजीतून ती घेऊन वाकून चालून बघा, दर चार पावलांवर नळी अडकते. तिथे तीस-चाळीस पावलांपलीकडे माणूसच दिसत नाही, मग लांब पल्ला घेऊन करायचं काय? एके आखूड, ३० गोळ्यांची, चिखलपाण्याची पर्वा न करणारी. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांच्या नव्या एम-१६ सुरुवातीला ऐन वेळी अडकायच्या, ते तुम्ही वाचलंच असेल. आमच्याकडे खरा फरक पडला तो नळीखालच्या ग्रेनेड लाँचरनं, ज्याला यूबीजीएल म्हणतात. झाडाआड, खड्ड्यात, जिथे गोळी पोचत नाही तिथे तो पोचतो. २२ एप्रिल २०१८ ला इंद्रावतीकाठी बोरिया-कसनासूरला सी-६० नं तो वापरला. तिथले ३४ आणि लगेच राजाराम खांदल्याचे ६, असे ४० गेले. कित्येक प्रेतं दोन-तीन दिवसांनी नदीतून निघाली. त्या चकमकीवर मानवी हक्कवाल्यांनी प्रश्नही उभे केले, तेही वाचा.

पण या मुलखात पोलिसांना सगळ्यात जास्त धाक सुरुंगाचा होता. बंदूकवाला निदान समोर तरी येतो.

माझंच सांगतो. मे महिना, वस्तीची गाडी घेऊन पहाटे निघालो. वळण घेतलं तर येनाचं झाड रस्त्यात आडवं, फांदीला लाल कापड. कंडक्टर नवा, नागपूरकडचा. म्हणाला, साहेब, चार जण उतरून ढकलू. मागच्या सीटवर एक माडिया म्हातारी होती, तिनं काही न बोलता मोरीकडे, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या नळीकडे, बोट केलं. रस्त्याचा मुरूम उन्हानं पांढुरका पडलेला, आणि मोरीजवळ हातभर पट्टा तेवढा ओलसर तांबडा. मी दीड किलोमीटर गाडी रिव्हर्स आणली, घामानं शर्ट पाठीला चिकटला. तिथे खरंच काही पुरलं होतं की कोणी नुसती माती उकरून ठेवली होती, मला आजवर कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. एक झाड आणि टोपलीभर माती, एवढ्यात त्या दिवशीची वाहतूक बंद.

गाडीत बसलेला पोलीस म्हणजे सोपं सावज. २७ मार्च २०१२ ला धानोऱ्याकडे पुस्टोल्याजवळ सीआरपीएफची बस उडवली, १२ जवान गेले. १ मे २०१९ चं जांभुळखेडा तर सगळ्यांना आठवतं. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या ठेकेदाराची वाहनं जाळली. तो गळ होता. सकाळी क्यूआरटीची, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या पथकाची मुलं खासगी गाडीतून तिकडे निघाली आणि वाटेत सुरुंगावर गेली. १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर. बातमीत कित्येक ठिकाणी नुसतं '१५ जवान' असतं, सोळावा सोडून देतात. मला तो आधी दिसतो.

सी-६० १९९० साली निघाली. पहिले ६० जवान म्हणून ते नाव, आणि मुलं इथलीच, गोंडी-माडिया बोलणारी. प्रत्येक तुकडी तिच्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते, अमक्याची पार्टी. नक्षलीही आपल्या संघटनेला पार्टीच म्हणायचे. गावात कोणी 'रात्री पार्टी आली होती' म्हणालं की ऐकणारा आधी गप्प बसायचा, कुठली ते विचारायची हिंमत नाही. त्या दोन पार्ट्यांमध्ये गावकरी भरडला. एकीनं खबऱ्या म्हणून मारलं, दुसरीनं जेवण घातलं म्हणून उचललं.

भाचा म्हणतो, आमचं अर्धं ट्रेनिंग रस्ता सोडायचं होतं. गाडी लांबच सोडायची, अंधारात चालायचं, पायवाट टाळायची, गावात शिरायचं नाही, चूल पेटवायची नाही, चणे-बिस्किटांवर दोन-तीन दिवस काढायचे, आणि गेल्या वाटेनं परत यायचं नाही. हा शेवटचा नियम ज्यांनी कंटाळून मोडला त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. उन्हाळ्यात आणखी पंचाईत. सागाची वाळली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, पाणी मोजक्याच डोहात उरतं, आणि तिथे आधीच कोणीतरी दबा धरलेला. नक्षल्यांची मोठी मोहीम त्याच महिन्यांत असायची.

नुसतं पायी चालल्यानं भागत नाही, हेही खरं. २०१९ सोडा, २००९ बघा. फेब्रुवारीत मरकेगाव १५, मेमध्ये हत्तीगोटा १६, ऑक्टोबरात लाहेरी १७. वर्षात तीन ठिकाणी ४८ पोलीस. लाहेरीची तुकडी पायीच होती. तेव्हा जंगलाची खबर नक्षल्यांकडे होती, पोलिसांकडे नव्हती. पुढच्या दहा वर्षांत ती हळूहळू इकडे आली, त्यात शरण आलेल्यांचा वाटा मोठा. वाट दाखवायला आता त्यांचाच जुना माणूस असायचा.

आणि शेवटी पोलिसांनी ठाणं बांधण्याची तऱ्हा बदलली. जानेवारी २०२४ ला गर्देवाड्याचं पोलीस मदत केंद्र २४ तासांत उभं केलं. महिनाभर विटा-सिमेंटचे ट्रक एकाच रस्त्यानं गेले असते तर एखादा उडालाच असता. एका दिवसात सुरुंग पुरायलाही सवड नाही. १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा बडा नेता भूपती गडचिरोलीत ६० जणांसह शरण आला, ५४ हत्यारं खाली ठेवली. त्यातही एके होत्या, इन्सास होत्या.

१ जानेवारी २०२५ पासून अहेरीहून गर्देवाड्याला एसटी जाते. मी निवृत्त, पण मुद्दाम एकदा बसून आलो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. रस्ता गुळगुळीत, पोरगा साठच्या स्पीडनं, कानात गाणी. एक मोरी आली तसा माझा उजवा पाय पत्र्यावर ब्रेक दाबत होता. शेजारची बाई म्हणाली, काका, पायाला मुंग्या आल्या का?