जर्नीमन म्हणजे प्रवासी नव्हे

एका वाचकाला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका स्कॉटिश फुटबॉलपटूवर लेख लिहायचा आहे. इंग्रजीत त्याला 'जर्नीमन' म्हटलंय, तर मराठीत 'प्रवासी खेळाडू' म्हणावं की 'भटक्या', असा त्यांचा प्रश्न.

दोन्ही नको. हा 'प्रवासी' क्रीडापानांवर वाचून वाचून डोकं उठलं आहे. कुणी चार क्लब बदलले की लावला प्रवासी! 'जर्नी' म्हणजे प्रवास हे शाळेत पाठ झालेलं असतं, आणि तिथेच घात होतो.

मूळ शब्द फ्रेंच. 'जुर' म्हणजे दिवस; 'जुर्ने' म्हणजे अख्खा दिवस, दिवसभराचं काम. 'जर्नल'ही त्याच घरातलं, आपल्या रोजनिशीसारखं. जर्नीमन म्हणजे उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखालचं शिकणं, संपवलेला, हातात कला असलेला, पण स्वतःचं दुकान न थाटलेला कारागीर. उस्तादाकडे दिवसाच्या हिशेबाने काम करणारा. काम चोख, पण उस्ताद नव्हे. खेळाडूला तो शब्द लागला तो या छटेमुळे.

मग प्रवास आला कुठून? त्याच दिवसातून. एका दिवसात जेवढी वाट तुडवता येते, ती जर्नी. आणि इथे आपली 'मजल' बघा! अरबी 'नझल' म्हणजे उतरणं. मंझिल म्हणजे दिवसभर चालून जिथे उतरायचं ती जागा. मराठीत मजल म्हणजे एका दिवसाची चाल. 'मजल दरमजल करीत फौज पुढे सरकली' या वाक्यात मजलीगणिक एकेक दिवस मोजलेला आहे. फ्रेंचांनी दिवसावरून अंतर गाठलं, अरबांनी मुक्कामावरून, आणि दोघे पोचले एकाच मापाला. घराचा 'मजला'सुद्धा याच मंझिलीचा. असं काही सापडलं की माझा सबंध दिवस आनंदात जातो.

यावर हमखास एक हरकत येते: जर्मनीत उमेदवारी संपलेले कारागीर तीन वर्षं अन् एक दिवस गावोगाव हिंडत, म्हणून जर्नीमन म्हणजे हिंडणारा. ही प्रथा खरी, व्युत्पत्ती साफ खोटी. त्या कारागिराला जर्मन शब्द आहे 'गेझेल', म्हणजे एका दालनात सोबत राहणारा, सोबती. जे खरोखर हिंडत होते, त्यांच्याच शब्दात हिंडणं नाही. तरीही हे पटवून घ्यायला लोक तयार नसतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

आता फुटबॉल. क्लब बदलण्यावरच सगळं ठरत असेल, तर त्याच काळातला स्कॉटिश सेंटर-फॉरवर्ड ह्यूई गॅलाकर जर्नीमन ठरेल. न्यूकॅसल, चेल्सी, डर्बी, नॉट्स काउंटी, ग्रिम्सबी, गेट्सहेड: इंग्लंडातच सहा क्लब. पण 1926–27 मध्ये न्यूकॅसलचा कर्णधार म्हणून लीगमध्ये 36 गोल करून त्याने विजेतेपद आणलं. हा उस्तादच. डम्फ्रीसचा डेव्ह हॅलिडे घ्या. डंडी, संडरलँड, आर्सेनल, मँचेस्टर सिटी, क्लॅप्टन ओरिएंट. 1928–29 मध्ये संडरलँडसाठी लीगमध्ये 43 गोल. एप्रिल 1930 मध्ये आर्सेनलकडून लेस्टरविरुद्ध 6–6 सामन्यात एकट्याचे चार, आणि पाचच दिवसांनी एफए कपच्या अंतिम सामन्याच्या संघातून वगळला. स्कॉटलंडकडून एकदाही खेळवला नाही, कारण त्याच जागेवर आधीच गॅलाकर होता. याला जर्नीमन म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

खरा जर्नीमन वेगळा. 1920–21 च्या सुमारास इंग्लिश लीगला तिसरा विभाग जोडला गेला आणि क्लब वाढले, तसं अशा कसलेल्या, पण नाव न झालेल्या खेळाडूंना काम मिळू लागलं. 1922 पासून पगाराची कमाल मर्यादा हंगामात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. ती मर्यादाही प्रत्येकाला मिळत नसे. करार बहुधा वर्षाचा. तो संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून धरू शकत होता, आणि ती सुटल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे; मग त्याने जायचं कुठे? सुताराचा जर्नीमन रंधा उचलून दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होता. याला बूट उचलून जाता येत नव्हतं.

आता मराठी शब्द. जर्नीमनला 'रोजंदार' म्हणणं मला पटत नाही. एक तर पगार आठवड्याचा, त्यात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाट्या टाकणारा मजूर येतो आणि कारागिरी हरवते. काही जण सरळ 'मजूर' लिहितात, ते तर त्याहून वाईट. माझा शब्द 'कसबी'. अरबीत कसब म्हणजे कमाई, मराठीत झालं हातातलं कौशल्य; म्हणजे कौशल्यावर पोट भरणारा. 'कसबीण' या शब्दात जुना कमाईचा अर्थ अजून उघड दिसतो, त्यामुळे नाक मुरडणारे मुरडतील. मुरडू देत. 'कसबी खेळाडू' लिहा, आणि तुमच्या माणसाने क्लब खूप बदलले असतील, तर ते वेगळ्या वाक्यात सांगा.