सफरचंदाचं झाड एका वर्षाआडच का फळतं?

खतपाण्यात दोष शोधण्याआधी गेल्या वर्षीची फळं आठवा. झाड लगडलं होतं ना? मग कारण बहुधा त्या फळांच्या बियांत आहे. वाढत्या बिया जिबरेलिन हे संप्रेरक सोडतात, आणि जवळच्या डोळ्यात फूलकळी धरतच नाही. नुसती पानं फुटतात. १९६७ मध्ये बिनबियांच्या सफरचंदावर झालेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं: परागीभवन करून बिया धरू दिल्या तिथे पुढचा बहर घटला, बिनबियांची फळं होती तिथे नाही.

पुढच्या वर्षीची कळी यंदाच्या बहरानंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांतच ठरू लागते. म्हणून विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं काढून टाकणं, बहरानंतर ३० ते ४० दिवसांत उरका. आपोआप होणाऱ्या फळगळीवर विसंबू नका, भरपूर धरलेल्या झाडाला ती पुरत नाही. उशिरा विरळलंत तर राहिलेली फळं जरा पोसतील, पण पुढचा बहर गेलाच म्हणायचा.

झुपक्यातलं मधलं, म्हणजे सगळ्यात आधी उमललेल्या फुलाचं फळ ठेवा. दोन फळांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर हवं. बाकीची देठात कात्रीने कापा. हिसडा दिलात तर पुढच्या वर्षी फुलणारी आखूड काडीच हातात येते.