फिलाडेल्फिया फिलीज म्हणजेच पूर्वीचा वुस्टरचा बेसबॉल संघ, हे खरे आहे का?

नाही. १८८३ मध्ये फिलीजना नॅशनल लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत जी जागा मिळाली ती वुस्टरच्या जाण्याने रिकामी झाली होती, एवढाच दोघांचा संबंध आहे. फिलाडेल्फियाचा संघ माजी खेळाडू ॲल रीच यांनी नव्याने उभा केला. (स्पेलिंग लांबलचक असले, तरी मॅसॅच्युसेट्समधल्या या शहराला तिथले लोक ‘वुस्टर’च म्हणतात, मीही बरेच दिवस ‘वॉर्सेस्टर’ म्हणत होतो.)

वुस्टरचा संघ लीगमध्ये १८८० ते १८८२ असे तीनच हंगाम टिकला. खरे तर त्याला प्रवेशही नियम वाकवूनच मिळाला होता, कारण लीगला ७५,००० वस्तीचे शहर हवे होते आणि वुस्टरची लोकसंख्या जेमतेम ५८,००० होती. शेवटी आसपासची वस्ती धरून मेळ बसवण्यात आला.

पहिल्याच वर्षी, १२ जून १८८० रोजी, ली रिचमंड या डावखुऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) क्लीव्हलंडविरुद्ध लीगच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम टाकला, म्हणजे प्रतिपक्षाचे २७ च्या २७ बॅटर ओळीने बाद झाले आणि एकालाही पहिला बेस, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठता आला नाही. रिचमंड तेव्हा ब्राउन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. सामना वुस्टरने १-० असा जिंकला, आणि ती एकमेव धावही क्लीव्हलंडच्या गचाळ क्षेत्ररक्षणाने बहाल केलेली होती. पाचच दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या जॉन वॉर्डने हाच पराक्रम केला; त्यानंतर मात्र नॅशनल लीगला तिसऱ्या परफेक्ट गेमसाठी १९६४ पर्यंत थांबावे लागले.

माझ्या मते संघाचे मरण त्याच वर्षी ओढवले. सिनसिनाटीचा क्लब मैदानावर बिअर विकतो आणि रविवारी मैदान भाड्याने देतो, याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत वुस्टर आघाडीवर होते, आणि अखेरीस सिनसिनाटीला लीगमधून काढण्यात आले. पण दुखावलेल्या सिनसिनाटीने स्वस्थ न बसता इतर शहरांबरोबर अमेरिकन असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी केली, आणि १८८२ पासून तिथे ५० ऐवजी २५ सेंटांत तिकीट, शिवाय बिअरही मिळू लागली. तिच्या सहा शहरांची एकत्रित लोकसंख्या नॅशनल लीगच्या आठ शहरांपेक्षा जास्त होती. या स्पर्धेत टिकायचे तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया हातची जाऊ देऊन चालणार नव्हते, म्हणून हंगाम संपण्याआधीच वुस्टर आणि ट्रॉय या लहान शहरांना निरोप देण्याचे ठरले.

संघाची अवस्थाही बिकटच होती. १८८२ मध्ये त्याने १८ सामने जिंकले आणि ६६ गमावले. शेवटचे दोन सामने घरच्या मैदानावर त्याच ट्रॉयविरुद्ध झाले. २८ सप्टेंबरला ६ प्रेक्षक आले होते, दुसऱ्या दिवशी २५.