करंगळी चौथ्या फ्रेटवर पोचत नाही? मग ताणू नकोस

तू लिहिलंयस की चार महिने झाले, बेस गिटारवर रोज पहिल्या चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली घरं) 'एका फ्रेटला एक बोट' असा सराव करतोस, करंगळी पोचत नाही, पोचलीच तर तार खरखरते आणि हल्ली मनगट दुखतं. आधी दुखण्याचं बघू. तो सराव आजपासून बंद कर. आठ-दहा दिवस हाताला विश्रांती दे आणि तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखव. मी हे अंगावर काढलं होतं. गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला डाव्या हाताची मूठ वळेना, आणि पुढचे दोन महिने वाद्याला हात लावता आला नाही.

तुझा हात लहान नाही, तार लांब आहे. नेहमीच्या बेसवर नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा जिथे अंगावर टेकतात) तार ३४ इंच असते, गिटारवर साधारण साडेपंचवीस. म्हणून बेसचा पहिला फ्रेट सुमारे ४८ मिलिमीटर रुंद, तर गिटारचा ३६. पहिल्या फ्रेटच्या पट्टीपासून चौथ्या पट्टीपर्यंत तब्बल १३ सेंटिमीटर होतात. पाचव्या ते आठव्यात हेच अंतर १० वर येतं. चार बोटं चार फ्रेटवर ठेवायची ती तिथून पुढे.

नटकडच्या पहिल्या फ्रेटवर उभ्या डबल बेसवाल्यांची जुनी रीत धर: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, तीन फ्रेटसाठी तीन. अनामिका करंगळीच्या सोबतीला तारेवर बसते, तिला जोर देते. व्हिएन्नातले बेसवादक फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते.

जी मेजर ही स्वरमालिका वाजवून बघ. ई या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधल्या बोटाने जी, मग मोकळी, म्हणजे न दाबता, ए, ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनीने बी, तिसऱ्याला मधल्याने सी. मोकळी डी, त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनीने ई, चौथ्याला करंगळीने एफ शार्प, शेवटी मोकळी जी. अख्खं सप्तक झालं आणि हात जागचा हलला नाही. जिथे हलवावा लागेल तिथे खुशाल हलव, फक्त अंगठाही सोबत सरकू दे. बहुतेक जण अंगठा एका जागी रोवून बोटं ताणतात, दुखणं तिथूनच सुरू होतं.

आता खरखर. बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलं की तार दाबायला जास्त जोर लागतो. ते ब्रिजकडच्या पट्टीला अगदी लागून ठेव, पण पट्टीवर चढवू नकोस. मग तार छेडत छेडत बोटाचा जोर हळूहळू कमी कर. एका क्षणी खरखर सुरू होईल. तिथून आवाज स्वच्छ होईपर्यंत किंचित वाढव. तेवढाच जोर लागतो! मला हे कळलं तेव्हा मी गरजेच्या कितीतरी पट दाबत होतो.

अंगठ्याचं पोट नेकच्या, म्हणजे मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर असू दे. वाजवता वाजवता अंगठा क्षणभर उचलून बघ. स्वर टिकला तर चिमटा काढून धरलेलं नाहीस. पट्टा इतका आखूड कर की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस एकाच उंचीवर राहील. बेस गुडघ्याकडे लोंबला की मनगट दुमडतं.

हे सगळं करूनही जोर लागत असेल तर तारांची उंची तपासून घे. पुण्यात जूनमध्ये हवा दमट झाली की नेकचं लाकूड हलतं, तारा उंच होतात. नेकच्या आतला तिचा बाक जुळवणारा दांडा, ट्रस रॉड, पहिल्यांदा जाणकाराकडूनच फिरवून घे.

हात बरा झाला की मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून हीच जी मेजर दहा मिनिटं वाजव, जास्त नको. आणि तू बसून वाजवतोस की उभा राहून, तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) आहेत, तेवढं सांग.