सावलीत मोजलेलं ऊन

प्रिय डॉक्टर,

उष्णतेच्या लाटेची तयारी करताना हवामानवाल्यांकडून नेमकं काय मागायचं, असं तू विचारलंस. त्याआधी आमचा आकडा कुठून येतो ते बघ. आम्ही जाहीर करतो ते कमाल तापमान जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत आणि खेळत्या हवेत मोजलेलं असतं. ते तसंच मोजायला हवं, नाहीतर दोन ठिकाणांची तुलनाच करता येणार नाही. पण तुझा रुग्ण पत्र्याखाली झोपतो, भट्टीसमोर उभा राहतो. त्याच्या अंगाला लागणारी उष्णता आमच्या नोंदवहीत नाही. तिचा माग लागला तर तुझ्या केसपेपरवरच लागेल.

म्हणून केसपेपरवर वय आणि तक्रार यांच्या जोडीला काम कोणतं, छप्पर कशाचं, मजला कितवा आणि घरात सोबत कोण आहे, हेही लिहायला सुरुवात कर. दोन मिनिटं जास्त लागतील, मला माहीत आहे. तरीही लिही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2021 च्या उष्णतेच्या लाटेत 619 माणसं गेली. लाट येणार हे आधीच सांगितलेलं होतं. नंतर तपास झाला तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळे मृत्यू घराच्या आत झाले होते आणि निम्म्याहून अधिक जण एकटे राहणारे होते. अंदाज बरोबर होता, पण दार ठोठावणारं कोणी नव्हतं. सगळा भर मोबाइलच्या सूचनेवर टाकणाऱ्या योजना मला म्हणूनच अर्धवट वाटतात. ज्याला सूचना मिळूनही काही करता येत नाही, त्याच्यापासून आखणी सुरू व्हायला हवी.

उलट उदाहरण अहमदाबादचं. मे 2010 च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू जास्त झाले. मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा हृदयाचं, मूत्रपिंडाचं कारण लागतं, उन्हाचं नाव येत नाही. रोजचे मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी मांडलं तेव्हा कुठे हा आकडा दिसला. त्यातून 2013 मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला. त्याच शहरातल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात जाणारी नवजात बाळं कमी झाली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. यंत्र नवं आलं नाही, फक्त खाटा खाली आल्या.

आता आमच्याकडून काय मागायचं ते. सगळ्यात आधी रात्रीचं किमान तापमान माग. सगळे दुपारच्या आकड्याकडे बघतात, पण रात्र गार झाली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि काँक्रीटची दाट वस्ती रात्रभर उष्णता सोडत राहते. सोबत आर्द्रताही माग, कारण घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. आणि अंदाज तीन-चार दिवस आधी माग. लघवी वाढवणारी किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं घेणाऱ्यांना उष्णता लवकर बाधते. त्यांची यादी काढून, औषधं परस्पर बंद करू नका असं बजावून, कोणाकडे कोण जाणार हे ठरवायला तुला तेवढे दिवस लागतीलच.

धोक्याची पातळी मात्र आमच्या एकट्याच्या टेबलावर ठरू देऊ नकोस. कोणत्या तापमानाला तुमच्याकडे खाटा भरायला लागतात हे तूच सांगू शकतोस, आणि तो आकडा आमच्या इशाऱ्याच्या आकड्यापेक्षा खाली निघाला तर हटून बस.

गेल्या दोन उन्हाळ्यांतल्या दाखल रुग्णांच्या नोंदी नावं वगळून, तारखेनुसार लावून ठेव. त्याच दिवसांची किमान तापमानं आणि आर्द्रता मी काढून ठेवतो. पुढचा उन्हाळा लागायच्या आत एकदा बसू, आणि वस्त्यांमध्ये घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनाही बोलावू. कुठल्या घरात कोण एकटं आहे, हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

तुझा,
हवामानखात्यातला जुना माणूस