ब्लॉकेज नाही, मग आईंच्या हृदयाला झालं काय?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कोथरूडला राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुरानं सासूबाईंना (वय ६८) दम्याचा जोरात अटॅक आला, पहाटे छातीत दुखायला लागलं, ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. ताकोत्सुबो (हृदयाचा स्नायू अचानक काही काळ कमजोर पडण्याचा आजार) आहे, स्ट्रेसमुळे होतो म्हणाले. आता नातेवाईक विचारतायत घरात असं काय झालं, आणि सगळा रोख माझ्यावर. शिवाय नेटवर लिहिलंय की हृदयाचं टोक फुगतं, आईंच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) टोक नॉर्मल आणि मधला भाग हलत नाहीये. निदान चुकलंय का?

उत्तर : ताई, आधी ते ओझं मनावरून काढा. इथे स्ट्रेस म्हणजे घरातली कुरबुरच असं अजिबात नाही, शरीरावरचा ताणही तेवढाच धरतात. २०१५ मध्ये १७५० पेशंटचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात शारीरिक कारण ३६ टक्के लोकांत होतं, भावनिक कारण जेमतेम २८ टक्क्यांत आणि साधारण तेवढ्याच लोकांत काहीच कारण सापडलं नव्हतं. श्वास कोंडला की अ‍ॅड्रेनॅलिन धो धो वाढतं आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, आईंच्या बाबतीत दम्याचा अटॅक हेच कारण पुरेसं आहे. नातेवाइकांना हे खुशाल वाचायला द्या.

निदान चुकलंय असं इकोवरून वाटत नाही. १९९० च्या सुमारास जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालं ते टोक फुगण्याचंच, आणि वर सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासातही ८२ टक्के पेशंट तसेच होते, पण १५ टक्क्यांत आईंसारखा फक्त मधला भाग थांबलेला असतो. टोक चांगलं आणि वरचा, झडपांजवळचा भाग बंद, हा उलटा प्रकार दोनेक टक्केच, तो तुलनेनं तरुण बायकांत जास्त दिसतो आणि त्यात मेंदूतला रक्तस्राव किंवा अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या, अ‍ॅड्रेनॅलिन तयार करणाऱ्या) ग्रंथीची गाठ नाही ना हेही बघावं लागतं.

ब्लॉकेज नाही म्हणजे किरकोळ, असं मात्र समजू नका. पहिले काही दिवस बीपी पडणं, फुप्फुसात पाणी होणं, ठोके बिघडणं, हृदयात गुठळी होणं असं काहीही होऊ शकतं. बहुतेकांचं पंपिंग काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण ते झालंय हे परत इको करूनच कळतं, तेव्हा बरं वाटतंय म्हणून तो टाळू नका. दम्याचे पंप किंवा नेब्युलायझर घाबरून स्वतःहून बंद करू नका, डोस हृदयाच्या आणि दम्याच्या अशा दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि पुन्हा छातीत दुखलं तर मागच्यासारखंच असेल म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच ईसीजी, जाताना अँजिओची सीडी आणि जुना इको बरोबर घ्या.